वगळलेले कडवे

दिवाळीची पहाट म्हटली की माझ्या कानात आधी गाणी वाजू लागतात, फटाके त्याच्या मागून. न्हाणीघरात बंबाचा धूर, वाटीत उगाळलेले उटणे, आणि माजघरातून येणारा आईचा भूपाळीचा सूर! सणाला गाणे हवेच. गाण्यावाचून सण म्हणजे मीठ नसलेली चकली. तेव्हा दिवाळीच्या अंकात एका गाण्याची हकीगत सांगायला बसले तर त्यात नवल ते काय? नवल एवढेच की, हे गाणे नाताळचे आहे, आणि ते रचणारा गृहस्थ पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन धर्मोपदेशक आहे. तुम्ही म्हणाल, "बाई, दिवाळीला हे नाताळचे ताट कुठे वाढता?" थोडा धीर धरा. शेवटी गाडी आपल्याच अंगणात येणार आहे.

काही वर्षांपूर्वी मी डिसेंबर महिन्यात माझ्या मुलीकडे अमेरिकेला गेले होते. ती बॉस्टन शहराच्या पश्चिमेला राहते. बाहेर गुडघाभर बर्फ. मी आपली शाल, स्वेटर आणि पायमोजे अशा तिहेरी बंदोबस्तात खिडकीशी बसून राही. माझी नात तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेच्या गायनवृंदात तिची निवड झाली होती, आणि संध्याकाळी घरी आली की ती एकच गाणे घोळून घोळून म्हणत असे. त्याचे नाव 'इट केम अपॉन द मिडनाइट क्लिअर'. चाल मोठी गोड. झुल्यावर बसल्यासारखी हलकेच वर जाते आणि हलकेच खाली येते. आठ दिवसांत ती मलाही पाठ झाली, आणि पोळ्या लाटताना मी ती गुणगुणू लागले.

त्याच सुमारास गावच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांची विक्री होती. एका डॉलरला मी भजनांचे एक जीर्ण पुस्तक उचलले. आयुष्यभर शाळेत मराठी आणि गाणे शिकवले, त्यामुळे गाण्याचे पुस्तक दिसले की हात आपसूक पुढे होतो. घरी येऊन पाहते तो त्यात नातीचे गाणे! तिला बोलावले. ती माझ्या खुर्चीच्या हातावर बसली, एका बोटाने ओळी मोजू लागली आणि म्हणाली, "आजी, तुझ्या पुस्तकात जास्त आहे. आम्हाला चारच कडवी दिलीत. इथे पाच आहेत."

"मग राहिलेलं कोणतं?"

तिने तिसऱ्या कडव्यावर बोट ठेवले. ते तिने हळूहळू वाचले आणि भुवया उंचावून मला विचारले, "हे का नाही दिलं?"

वाचकहो, हा प्रश्न मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खोटे उत्तर दिले होते. ती गोष्ट मागाहून सांगेन. त्या दिवशी मात्र मी नातीला म्हटले, "मला माहीत नाही ग. शोधून काढू." आणि तिथून मी ह्या गृहस्थांच्या मागे लागले.

त्यांचे नाव एडमंड हॅमिल्टन सीअर्स. ६ एप्रिल १८१० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिमेला, बर्कशायरच्या डोंगराळ भागातल्या सँडिसफील्ड नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. पोराने शेतावर राबावे आणि कामातून सवड मिळेल तशी शाळा गाठावी, असा तो काळ. पण मुलगा जात्याच अभ्यासू. १८३४ मध्ये तो युनियन कॉलेजातून पदवीधर झाला, आणि पुढे १८३७ मध्ये हार्वर्डच्या धर्मशिक्षण विद्यालयातून उपदेशक होऊन बाहेर पडला. पंथ युनिटेरियन.

युनिटेरियन म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावणे त्या मानाने सोपे आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे ईश्वराचे त्रैत इतर ख्रिस्ती पंथ मानतात. हे लोक म्हणतात, ईश्वर एकच. माणसाच्या विवेकावर त्यांचा भर, आणि धर्माची पारख आचरणावरून करावी हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ज्यात होते, त्या समाजाशी ह्या मंडळींचे सूत लवकर जुळले ते ह्याच कारणाने. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये विलायतेला गेले ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात, आणि ते कॉलेज युनिटेरियन लोकांचे. दोन वर्षे तिथे धर्मांचा तौलनिक अभ्यास करून ते परतले आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढले. तेव्हा हा पंथ आपल्याला अगदीच परका नाही.

आणि ह्या पंथाला गाण्याचा नाद फार! आपल्या इंग्रजी शाळांतली मुले नाताळात घसा ताणून जे 'जिंगल बेल्स' म्हणतात, ते रचणारे जेम्स पिअरपाँट हे एका युनिटेरियन उपदेशकाचेच चिरंजीव. वडील जॉन पिअरपाँट हेही कवी. पण घसरगाडीचे ते गाणे निव्वळ मौजेचे. सीअर्सांचे गाणे निराळ्या जातीचे आहे.

सीअर्सांना मोठे होण्याची हौस नव्हती. १८३९ मध्ये त्यांनी वेलँड नावाच्या लहानशा गावाचे उपदेशकपद घेतले आणि त्याच वर्षी एलन बेकन ह्यांच्याशी लग्न केले. खेडेगाव, चार ओळखीची घरे, थोडी शेती, थोडे लेखन. एवढे मिळाले की आपण तृप्त, असा त्यांचा हिशेब. पण संसाराचा हिशेब निराळा असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको! प्रपंच वाढू लागला, खेड्यातले वेतन पुरेना, म्हणून ते लँकेस्टर ह्या मोठ्या मंडळीकडे गेले. तिथे त्यांनी सात वर्षे काढली. दर आठवड्याला प्रवचने, घरोघरच्या भेटी, आजाऱ्यांची विचारपूस, मर्तिके. शरीर मोडले आणि मनही मोडले. खिन्नतेने त्यांना घेरले. आवाज इतका क्षीण झाला की मोठ्या देवळात मागच्या बाकापर्यंत पोचेना. उपदेशकाचा आवाज जाणे म्हणजे गवयाचा गळा जाण्यासारखेच. त्यांनी पद सोडले आणि ते वेलँडला परतले. विश्रांती घेतली, शेतात काम केले. थोडी ताकद आली तेव्हा १८४८ मध्ये त्याच लहान गावाने त्यांना पुन्हा आपले उपदेशक केले.

आता ते साल पाहा. आपल्याकडे १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. युरोपात त्या वर्षी शहरामागून शहर क्रांतीने पेटले आणि मागाहून बंदुकांनी विझवले गेले. आणि खुद्द अमेरिकेने मेक्सिकोशी दोन वर्षे युद्ध करून १८४८ च्या फेब्रुवारीत तह केला. कॅलिफोर्नियासकट अफाट मुलूख गिळला. विजयाचे नगारे वाजत होते. पण मॅसॅच्युसेट्समधल्या अनेक विचारी माणसांना हे युद्ध लाजिरवाणे वाटत होते, कारण नव्या मुलखात गुलामगिरी पसरणार हे त्यांना दिसत होते. वेलँडपासून आठ-दहा मैलांवर काँकर्ड गाव आहे. तिथल्या थोरो नावाच्या तरुणाने अशा सरकारला कर द्यायचे नाकारले आणि १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. त्यावर त्याने लिहिलेला निबंध १८४९ मध्ये छापला गेला. पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी तो वाचला आणि आपल्या पत्रातून वाचकांना त्याची ओळख करून दिली, हे आपण जाणतोच.

त्याच १८४९ सालच्या डिसेंबरात, त्याच पंचक्रोशीत, क्षीण आवाजाच्या ह्या उपदेशकाने आपले गाणे लिहिले. क्विन्सी गावचे त्यांचे स्नेही उपदेशक लंट ह्यांनी नाताळसाठी काही लिहून द्या असा आग्रह केला होता, अशी आठवण सांगतात. २९ डिसेंबरला बॉस्टनच्या 'ख्रिश्चन रजिस्टर' ह्या साप्ताहिकात ते छापून आले.

आणखी एक गंमत सांगते. आज नाताळ म्हणजे अमेरिकेचा सर्वांत मोठा सण; पण मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या कर्मठ प्युरिटन लोकांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करायलाच बंदी घातली होती! जो कोणी त्या दिवशी काम बंद ठेवील किंवा मेजवानी करील त्याला पाच शिलिंग दंड. १६८१ मध्ये बंदी उठली खरी, पण मन तसेच राहिले. सीअर्सांनी गाणे लिहिले त्या वर्षी त्या राज्यात २५ डिसेंबरला सरकारी सुटीसुद्धा नव्हती. सणच जिथे नवा होता, तिथे त्याचे गाणेही कोणत्या ठरीव साच्यातले असायला हवे होते असे नाही.

आणि तसे ते नाहीच. मी ते पाच वेळा वाचले आणि मग ध्यानात आले की नाताळच्या ह्या गाण्यात बाळ येशू नाही, गोठा नाही, मरीया नाही, ताऱ्याच्या मागून आलेले ज्ञानी पुरुषही नाहीत. आहे ते देवदूतांचे गाणे. त्या जुन्या रात्री पृथ्वीवर शांती नांदो म्हणून देवदूत गायले, असे बायबलात आहे. सीअर्स म्हणतात, ते गाणे त्या एका रात्रीपुरते नव्हते; ते अजून चालू आहे. थकल्या-भागल्या जगावर ते अजून उतरते आहे. मग ऐकू का येत नाही? ह्याचे उत्तर त्या तिसऱ्या कडव्यात आहे. माणूस माणसाशी लढतो आहे आणि त्याच्या गलबल्यात गाणे बुडून जाते आहे. दोन हजार वर्षे अन्याय चालला आहे. तेव्हा लढणाऱ्यांनो, जरा गप्प बसा आणि ऐका, असे तो दुबळ्या आवाजाचा माणूस बजावतो.

पुढचे कडवे ओझ्याखाली वाकलेल्यांसाठी आहे. आयुष्याचा चढ रेटत, एकेक पाऊल कष्टाने टाकणाऱ्याला ते म्हणते, क्षणभर रस्त्याकडेला टेक आणि ऐक. नुकताच आजारातून उठलेला माणूस हे लिहीत होता, हे कळल्यावर त्या ओळी मला निराळ्याच वाटल्या. दुसऱ्याला धीर द्यायला बसलेला माणूस पुष्कळदा स्वतःलाच धीर देत असतो.

गाणे चालले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. त्यांच्या भजनांत अक्षरसंख्येचे माप ठरलेले असते. ह्या गाण्याचे माप आठ-सहा, आठ-सहा, आणि तेच पुन्हा एकदा. आपल्या थोरल्या अभंगाला जसे सहा-सहा-सहा-चार असे माप, तसेच हे. माप जुळले की कोणतेही गीत कोणत्याही चालीवर बसवावे. तुकोबांचा एकच अभंग एका गावी भैरवीत आणि दुसऱ्या गावी वारकरी चालीत ऐकावा, त्यातलाच प्रकार! रिचर्ड स्टॉर्स विलिस नावाच्या संगीतकाराची एक चाल १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. ती मुळात दुसऱ्याच गीतासाठी होती, पण पुढे सीअर्सांच्या शब्दांना चिकटली आणि अमेरिकेत तीच रूढ झाली. इंग्लंडमध्ये मात्र आर्थर सलिव्हन ह्यांनी १८७४ मध्ये एका जुन्या लोकगीताच्या धुनेवरून बांधलेली चाल म्हणतात. एकच गाणे, दोन देश, दोन चाली. आणि पंथांचे कुंपण तर ते केव्हाच ओलांडून गेले. जे पंथ युनिटेरियनांना ख्रिस्ती म्हणायलाही तयार नसत, त्यांच्या देवळांतूनही ते घुमू लागले.

ह्या प्रवासातच कुठे तरी तिसरे कडवे गळाले. सगळ्याच संग्रहांतून नव्हे. काहींनी ते जपले आहे. पण अनेक संग्रहांत ते नसते. कोणी म्हणेल, पाच कडवी लांबतात. खरे आहे. पण लांबी कमी करायची तर चौथे गाळता आले असते, दुसरे गाळता आले असते. नेमके तेच का, जे ऐकणाऱ्याच्या अंगाला झोंबते? सणाच्या दिवशी, नवे कपडे घालून, मुलाबाळांसह बसलेल्या माणसाला "तू ऐकत नाहीस, कारण तू भांडतो आहेस" असे कोणी म्हटलेले नको असते. देवदूत हवेत, वीणा हव्यात, चांदणे हवे. बोट दाखवणे नको.

सीअर्सांनी मात्र हे बोट फक्त गाण्यातच दाखवले असे नाही. १८५० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने पळून आलेल्या गुलामांविषयी कायदा केला. दक्षिणेतून जीव मुठीत धरून पळालेला गुलाम उत्तरेत सापडला, तर त्याला धरून मालकाच्या हवाली करायला प्रत्येक नागरिकाने मदत करायची. जो त्याला आसरा देईल त्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. गावोगावचे उपदेशक बुचकळ्यात पडले. कायदा पाळा म्हणावे तर धर्म बुडतो, मोडा म्हणावे तर सरकार बडगा उगारते. पुष्कळांनी मौन पत्करले. सीअर्सांनी आपल्या लहानशा देवळातल्या व्यासपीठावरून सांगितले की, माणसाचा कायदा आणि देवाचा कायदा ह्यांत विरोध आला तर देवाचा पाळा. १८५६ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरचे त्यांचे एक प्रवचन छापूनही निघाले. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसेल, पण जे बोलायचे ते बोलायला घसा बसला नव्हता.

१८५३ पासून त्याच वेलँडमध्ये लिडिया मरिया चाइल्ड नावाची लेखिका राहत होती. गुलामगिरीविरुद्ध तिने १८३३ मध्येच पुस्तक लिहिले होते, आणि त्यापायी तिच्या लोकप्रिय पुस्तकांकडे वाचकांनी पाठ फिरवली होती. ह्या मंडळींची झुंज फुकट गेली नाही. चार वर्षांचे भयानक यादवी युद्ध होऊन १८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. आणि आता आपल्या अंगणात या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले ते कोणाला अर्पण केले आहे? निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना! पुण्यात बसून जोतीरावांनी ज्यांना मनोमन हात जोडले, त्या असंख्य अनामिकांत वेलँडचा हा उपदेशकही होता, असे मला त्या दिवशी वाटले आणि ऊर भरून आला.

सीअर्स १८६५ मध्ये शेजारच्या वेस्टन गावी गेले. एका धार्मिक मासिकाचे संपादन त्यांनी बरीच वर्षे केले, जाडजूड ग्रंथ लिहिले. चौथ्या शुभवर्तमानावरचा त्यांचा ग्रंथ १८७२ मध्ये निघाला. गंमत म्हणजे हा युनिटेरियन उपदेशक ख्रिस्ताचे दैवीपण मानीत असे, त्यामुळे स्वकीयांतही तो थोडा निराळाच. १८७६ च्या जानेवारीत वेस्टन येथे त्यांचे निधन झाले. ते ग्रंथ आज कपाटात आहेत. पाच कडवी जगभर आहेत. म्हणजे निदान चार तरी.

जावयांनी एका रविवारी मला वेलँडला नेले. पांढऱ्या लाकडी फळ्यांचे, उंच मनोऱ्याचे देऊळ १८१५ मधले. मनोऱ्यातली घंटा पॉल रिव्हिअरच्या ओतशाळेतली. हा रिव्हिअर म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात घोड्यावरून रातोरात दौडत जाऊन लोकांना जागे करणारा वीर. पण देऊळ पाहून मला दिपल्यासारखे झाले नाही. उलट वाटले, एवढेसेच? आमच्या शाळेचा जुना हॉल ह्याहून मोठा असेल. आणि तो हॉल आठवला मात्र, माझा पाय तिथल्या बर्फातच रुतून राहिला.

आता ती राहिलेली गोष्ट सांगते.

१९७४ सालची. मी नुकतीच एका तालुक्याच्या गावी शिक्षिका म्हणून लागले होते. स्नेहसंमेलनात मुलींकडून तुकोबांचा एक अभंग बसवून घ्यायचा होता. पाठ्यपुस्तकातलाच. तालमी छान चालल्या होत्या. मग कळले की समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून गावातले एक बडे गिरणीवाले येणार, आणि नव्या इमारतीला देणगी देणार. देवभक्त गृहस्थ. कपाळाला गंध, दारात अन्नदान. आणि मजुरांची मजुरी महिनोन्‌महिने थकलेली. अभंगाच्या एका कडव्यात तुकोबांनी अशाच भक्तीवर कोरडे ओढले होते. मला कोणीही काही सांगितले नाही, हे मुद्दाम लिहिते. मुख्याध्यापक बोलले नाहीत, संस्थेची चिठ्ठी आली नाही. मी आपण होऊनच ते कडवे गाळले.

दुसऱ्या दिवशी तालमीत दुसऱ्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. काळीसावळी, आवाज मात्र घंटेसारखा. तिने विचारले, "बाई, पुस्तकात पाच कडवी आहेत. आपण चारच का म्हणायची?"

मी म्हटले, "वेळ कमी आहे, बाळ."

ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली आणि खाली बसली. तिचे वडील त्याच गिरणीत हमाल होते, हे मला ठाऊक होते. तिला कळले होते. आणि तिला कळले आहे हे मलाही कळले होते. संमेलनात चार कडवी झाली, टाळ्या पडल्या, देणगी मिळाली. इमारत चांगली झाली. पुष्कळ मुली तिथे शिकून मोठ्या झाल्या. म्हणून मी चुकले नाही, असे स्वतःला किती तरी वर्षे समजावले. पण ती नजर काही गेली नाही. अभंग म्हणताना, शिकवताना, आकाशवाणीवर ऐकताना, त्या कडव्यापाशी आले की मला तो दुसरा बाक दिसे.

वेलँडच्या देवळासमोर उभी असताना मनात आले, दुबळ्या छातीचा, खिन्नतेने पिळलेला, प्रपंच सांभाळणारा हा माणूस. त्यालाही पोट होते, चार मुले होती, मंडळीची मर्जी होती. तो गप्प बसला असता तर कोणी दोष दिला नसता. मला तरी त्या वेळी काय होते? नोकरीची पहिली दोन वर्षे आणि थोडीशी भीती.

घरी आल्यावर मी नातीला सारे सांगितले. तिने गंभीरपणे ऐकले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती सांगतच, "आजी, मी टीचरला विचारलं. ती म्हणाली, कार्यक्रमात वेळ कमी आहे."

मला हसूही आले आणि डोळ्यांत पाणीही आले. जगाच्या पाठीवर कुठेही जा, उत्तर तेच! त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघींनी दिवाणखान्यात ते गाणे म्हटले. माझा आवाज आता फाटका, इंग्रजी उच्चार सदाशिवपेठी. पण पाचही कडवी म्हटली. मुलगी आणि जावई मुकाट्याने ऐकत होते.

परत आल्यावर गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीत पहाटेच्या भक्तिसंगीताचा कार्यक्रम ठरला. पणत्या, रांगोळ्या, मोत्याच्या साबणाचा वास, अंगणात सतरंज्या. मंडळींनी मला एखादा अभंग म्हणायला सांगितले. मी तोच निवडला. आमच्या सोसायटीतही बड्या असामी आहेत; आणि त्यांच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या, वर्षानुवर्षे पगार न वाढलेल्या बायकाही आहेत. त्या पहाटे त्या मागच्या कठड्याशी उभ्या होत्या. त्या कडव्यापाशी आले तेव्हा घसा कोरडा पडला. पन्नास वर्षांचे अंतर एका श्वासात ओलांडायचे होते. ओलांडले. म्हटले ते कडवे, आणि दोनदा म्हटले.

आभाळ काही कोसळले नाही. फराळाच्या वेळी दोन-तीन लोक माझ्याशी जरा कमी बोलले. एक गृहस्थ मात्र जवळ येऊन म्हणाले, "बाई, ते मधलं कडवं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. लिहून द्याल का?"

मी कागद मागितला आणि तिथेच, चकलीचे हात पुसून, पूर्ण अभंग लिहून दिला.